खालच्या सुरातले सर

सरांच्या शेजारी आरतीला उभं राहायचं नाही, हा त्यांच्या गल्लीतला न लिहिलेला कायदा होता. उभं राहिलं की आपली आरती गेलीच म्हणून समजायचं. सगळं मंडळ टाळ्या पिटत एका सुरात चाललेलं असायचं आणि सर डोळे मिटून, हात पाठीमागे बांधून त्याच आरतीतून दोन पायऱ्या खालून चालायचे. शब्द तेच, ताल तोच, सूर मात्र भलताच. शेजारचा माणूस आधी सरांकडे बघायचा, मग त्याला स्वतःच्याच घशाबद्दल शंका यायची आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तो नुसते ओठ हलवायला लागायचा. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी हात जोडून त्यांना मागे, चपलांपाशी उभं राहायची विनंती केली. सरांना त्यात अपमान वगैरे काही वाटला नाही. तिथून सगळे एकदम ऐकू येतात, असं म्हणाले आणि पुढची सगळी वर्षं आनंदाने चपलांपाशी उभे राहिले.

सर आता नाहीत. पण अजूनही कुठे आरती सुरू झाली की माझं लक्ष मूर्तीकडे न जाता चपलांच्या ढिगाकडे जातं. हे चांगलं की वाईट, मला ठाऊक नाही.

ते एका शाळेत भूगोल शिकवायचे. घर मात्र फुलांच्या मळेकऱ्यांचं. मखमलाबादच्या अंगाला त्यांचा मळा होता, शेवंती, झेंडू, गुलाब, थोडा निशिगंध. मोठे भाऊ मळा बघायचे, उजाडायच्या आत गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या, बाजारात माल पोचवायचे. सरांच्या खांद्यावर त्यामुळे कायम दोन गोष्टी असत, खडूची भुकटी आणि एखादी चुकार पाकळी. लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्यावर त्यांच्या वहिनी म्हणायच्या, "नाय केलं ते बरंच झालं. बायकोनं तोंड उघडलं असतं, की हे खालून सुरू झाले असते."

ते खरंच होतं. सरांना कुठलाही आवाज एकटा बघवत नसे. गिरणी सुरू झाली, की तिच्या घरघरीखाली ते आपला एक सूर लावून द्यायचे. कोपऱ्यावरचा विजेचा डबा गुणगुणायचा, तर त्यालाही सोबत. एक भाजीवाले मामा सकाळी हातगाडी घेऊन यायचे, "मेथीऽऽ, पालकऽऽ" अशी लांब हाक मारत. सर ओट्यावर दात घासत असले तरी ब्रश बाजूला काढून त्या 'ऽऽ'च्या खाली आपला 'आ' लावायचे. मामांना आधी ती टिंगल वाटली. एकदा गाडी सोडून भांडायलाही आले. पण पुढे पुढे असं झालं, की सर घरात नसले तर मामा हाक अर्धवट सोडून थांबायचे आणि वहिनींना विचारायचे, "सर गावाला गेलेत का?"

माझी आणि सरांची गाठ पडली ती माझ्या आवाजामुळे, किंवा तो नसल्यामुळे म्हणा. कॉलेजात जाईपर्यंत मी शास्त्रीय गाणं शिकत होते. मग आवाज एकाएकी जाड झाला, खाली उतरला आणि वर जायला साफ नकार देऊ लागला. आमच्या गाण्याच्या बाई मायाळू होत्या. त्यांनी मला कधी नाही म्हटलं नाही, पण परीक्षेला बसवायचं नावही काढेनात. मी घरी दार लावून रडायचे. तेव्हा कोणीतरी सांगितलं, की मखमलाबाद रोडला एक वेडे सर आहेत, त्यांना म्हणे असेच आवाज हवे असतात. 'असेच' या शब्दाचा मला फार राग आला होता. तरी गेले.

सरांनी मला काही विचारलंच नाही. म्हणाले, तुला आवडतं ते गा. मी डोळे मिटून सुरू केलं, आणि दुसऱ्याच ओळीला ते माझ्या कानाशी येऊन भलतंच गाणं खड्या आवाजात म्हणू लागले. मी तशीच रेटत राहिले. संतापाने कानशिलं तापली होती. गाणं संपल्यावर मला वाटलं आता हे हसतील. ते गंभीरपणे म्हणाले, "राग आला, पण सूर सोडला नाहीस. बस त्या मंदाशेजारी."

त्यांच्या गाणाऱ्या वृंदात शिरायची हीच परीक्षा. त्यांचं गाणं ऐकून जो थांबे तो नापास, जो त्यांच्या सुरात ओढला जाई तोही नापास. गोड गळ्याची किती मंडळी त्या दारातून रुसून परत गेली, त्याला गणती नाही. जी आत आली त्यांतलीही काही टिकली नाहीत, कारण सरांची सगळ्यात कडक शिक्षा वेगळीच होती. तालीम चालू असताना ते एखादीपाशी जाऊन हळूच म्हणायचे, "ताई, तुमचा आवाज ऐकू आला मला." बस. ती बिचारी कानापर्यंत लाल व्हायची. जगात सगळीकडे आवाज ऐकू यावा म्हणून धडपड चालते आणि आमच्याकडे तो ऐकू आला की मान खाली. मला पहिले काही महिने हा सगळा प्रकार वेडेपणाचाच वाटला. मग एका रविवारी माझा आवाज मलाही ऐकू येईनासा झाला, आणि तरी मी गात होते, पूर्ण ताकदीने गात होते. त्या क्षणी मला जे वाटलं, ते पुन्हा वाटावं म्हणूनच मी आजवर संगीतात आहे. दुसरं काही कारण नाही.

तालमी मळ्यातल्या शेडमध्ये व्हायच्या. वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन, कडेला पाणी मारलेले गोणपाट आणि त्यांवर फुलांचे ढीग. दसऱ्याच्या आधी तर झेंडू इतका असायचा, की आम्ही गुडघ्याएवढ्या केशरी ढिगांमधून वाट काढत आपापल्या जागी बसायचो. फुलांत आवाज मऊ होतो, असं सरांचं म्हणणं होतं. असेलही. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडायचे, ओल्या शेवंतीचा कडवट वास यायचा, बाहेर पाटाचं पाणी वाहत असायचं, आणि सर हात वर करून उभे असायचे. हात खाली येईपर्यंत गायचं नाही, आधी शेजारची श्वास कधी घेते ते ऐकायचं. ती शेड अजून माझ्या स्वप्नात येते. स्वप्नात गाणं कधीच सुरू होत नाही, फक्त तो सगळ्यांचा मिळून घेतलेला श्वास असतो, आणि मी जागी होते तेव्हा माझी छाती भरलेली असते.

हे वेड त्यांना लागलं कुठून, तेही सांगायला हवं. तरुणपणी नाताळच्या आदल्या दिवशी ते शरणपूरच्या बाजूच्या एका चर्चमध्ये फुलं द्यायला गेले होते. सायकल पंक्चर झाली म्हणून मागच्या बाकावर टेकले. पुढे चर्चच्या वृंदाची तालीम चालली होती. सर ती गोष्ट नेहमी एकाच वाक्यात सांगायचे, "मला वाटलं, चौघांचं भांडण चाललंय आणि चौघंही बरोबर आहेत." तिथे पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मॅडमनी त्यांना उठून जा असं म्हटलं नाही. गाता येतं का, तेही विचारलं नाही. हाताने खूण करून मागच्या रांगेत, भरड्या आवाजाच्या पुरुषांमध्ये उभं केलं. त्यानंतर कित्येक वर्षं सर दर शनिवारी तिकडे जात राहिले. घरी कुजबुज झाली. वडिलांनी एकदा थेट विचारलं, तिकडे काय करतोस? सर म्हणाले, खाली गातो. वडिलांना त्यातलं काही कळलं नाही, पण पोरगं बिघडलेलं नाही एवढं कळलं असावं.

मॅडम गेल्यावरही सरांचा शनिवार चुकला नाही. घरातल्या फुलांतली सगळ्यात चांगली निवडून ते त्या पेटीवर ठेवून यायचे. वहिनी मुद्दाम खिजवायच्या, बाजारात भाव चांगला असला की त्याच दिवशी यांना उत्तम फुलं लागतात. सर फुलं निवडत राहायचे. मला मात्र एकदा म्हणाले, की माणसाला गाणं शिकवणारे खूप भेटतात, पण तुझ्यावाचून आमचं अडलं होतं असं वाटायला लावणारं एखादंच भेटतं. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, गुलाबांचे काटे काढत होते. तेव्हा मी नुसती मान डोलावली. सर माझ्यासाठी तेच करत होते, हे मला उमगायला पुढे बराच काळ जावा लागला.

आमच्या गाण्याचं गावात काय स्वागत झालं, त्याचा एक किस्सा आहे. गणपतीतल्या समूहगीत स्पर्धेत आम्ही उतरलो. सरांनी स्वतः बांधलेलं गाणं होतं, फुलं खुडणाऱ्या बायकांचं,

उजाडू दे जरा, मग फुलं खुडू,
निजल्या कळीला नको गं ओढू.

वरच्या मुली चढत चढत जाऊन शेवटी 'सा'वर पोचायच्या, घरी पोचल्यासारख्या. आम्ही खालच्या मात्र बराच वेळ एकाच जागी घुटमळायचो, मग जरा उतरायचो आणि शेवटी 'ग'वर येऊन तशाच उभ्या राहायचो. दोन्ही मिळून ऐकलं, तर अंगावर काटा यायचा. परीक्षक एक वयस्कर गवई होते, भला माणूस. निकाल सांगताना ते प्रेमाने म्हणाले, की मुली तयारीच्या आहेत, पण अर्ध्या जणींना चाल पाठ झालेली नाही, पुढच्या वर्षी एकीच्या सुरात सगळ्यांनी गावं. सभागृह हसलं. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मंदा तर रडायलाच लागली. आणि सर? सर हरखून गेले होते. सगळ्यांना मिसळ खायला घेऊन गेले आणि पाव मोडता मोडता पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, अरे, त्यांना दोन ऐकू आले. आजवर लोकांना एकच ऐकू यायचा, त्या माणसाला दोन ऐकू आले.

मंदाबद्दल आता सांगते. ती म्हसरूळकडच्या भाजीपाल्याच्या मळेकऱ्यांची मुलगी. तालमीला येताना ओढणीच्या टोकाला मातीचे ठिपके असायचे. शिक्षण बेताचं, बोलणं रांगडं, आणि खालचा सूर असा की त्यावर घर बांधावं. सर आमची नावं घेत नसत, 'खालच्या दोघी' म्हणत. मी डगमगले तर मंदा कोपराने ढोसायची. वरचं गाणं तिने कधी शिकलंच नाही. मी चोरून वरचं गुणगुणायचे, काय करणार, लहानपणापासूनची हाव. मंदाला ती हाव नव्हती. "आपलं हे लय भारी हाय," म्हणायची. "वरच्यांना जायचं तिकडं जाऊ दे."

आणि मग तिचं लग्न ठरलं, कळवणला. मुलींच्या वृंदाला हा शापच असतो. मुलगी सुरात मुरली, की मांडव पडलाच. वर गाणारी एक पिंपळगावला गेली, दुसरी विंचूरला. कोणी सटाण्याला, कोणी पुण्याला. पुरुषांमधले दोघे-तिघे होते, त्यांना सातपूरच्या कारखान्यांतल्या पाळ्यांनी ओढून नेलं. सर भूगोलाचे. त्यांनी शाळेतला जिल्ह्याचा जुना नकाशा आणून शेडच्या भिंतीला लावला होता आणि जी जिथे गेली त्या गावावर टाचणीने एक झेंडू खोचायचे. लग्नाला जाऊन आहेर करायचे, जेवायचे, आणि पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईच्या बरोबरीने रडायचे. मंदाच्या लग्नात तिच्या सासरच्यांनी माझ्याकडे चौकशी केली होती, की हे मुलीचे मामा का?

नवे लोक येत राहिले तोवर निभावलं. दोन हजार सालानंतर तेही आटलं. आधी शेवंतीचा तुकडा प्लॉटसाठी गेला, मग गुलाबाचा. भावाचंही वय झालं होतं, मुलांना मळ्यात रस नव्हता, कोणाला बोल लावायचा? एका उन्हाळ्यात शेडचे पत्रे उतरवले. तिथे आता रो-हाउसेस आहेत, चांगली आहेत, दारात मोटारी उभ्या असतात. आम्ही काही दिवस एका शाळेच्या वर्गात जमलो. बाकांवर बसून, तोंडं फळ्याकडे. मग एका रविवारी मी गेले तर वर्गात सर एकटेच होते. त्यांनी फळा पुसून काढला. मग ते म्हणाले, पुढच्या रविवारी येऊ नकोस.

त्यानंतर सर गुणगुणायचे थांबले. बाहेरच्या माणसाला हे काही फार मोठं वाटणार नाही. पण त्यांच्या गल्लीला ते जाणवलं. गिरणी नुसतीच घरघरायची. गणपतीत सर चपलांपाशी उभे होते, पण ओठ मिटलेले, आणि आरती कधी नव्हे इतकी सुरेल झाली. ती ऐकवेना. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जेवत्यात, झोपत्यात, शाळेत जात्यात. पन घरात मानूस नसल्यागत हाय."

मी तेव्हा एका शाळेत संगीत शिकवत होते आणि गुपचूप चाली बांधत होते. सरांना दाखवायची हिंमत एकदाच केली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वरचा सूर कोणीही करतो. मी खट्टू झाले आणि ते तसंच राहिलं. पण आता मला माझ्या चालींची नव्हे, त्यांची काळजी लागली होती. मी दर आठवड्याला जायचे, काहीबाही बोलायचे. एकदा धीर करून विचारलं, की पुन्हा सुरू करू या का, माझ्या शाळेच्या मुली आहेत. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. मग इतक्या वर्षांत जे कधी बोलले नव्हते ते बोलले.

"एकटा गाणारा गेला, तर निदान त्याचं गाणं कोणाच्या तरी तोंडी राहतं. वृंद मोडला की काय राहतं? त्या सगळ्या जणींकडे एकेक तुकडा आहे. तुकड्याला कोण गाणं म्हणेल? मॅडमनी माझ्या हातात दिलेलं मी वाटून टाकलं, आणि संपवलं."

मला ते खरंच वाटत होतं.

पुढे मंदाचा फोन आला. तिच्या सासरी वास्तुशांत होती, सरांना घेऊनच ये म्हणाली. सर यायला तयार नव्हते. वहिनींनी त्यांची पिशवी परस्पर भरून माझ्या हातात दिली, तेव्हा निघाले. एसटी दिंडोरी, वणी करत चालली. थंडीचे दिवस होते, द्राक्षाच्या बागांवर धुकं बसलं होतं, डोंगर मधेच दिसायचे आणि मधेच नाहीसे व्हायचे. चढावर गाडीचं इंजिन एका लांब सुरात घुमू लागलं. मी कान टवकारून सरांकडे पाहत राहिले. एरवी असा सूर त्यांनी सोडला नसता. ते खिडकीबाहेर बघत होते.

आम्ही पोचलो तेव्हा मंदा घरी नव्हती. ती अंगणवाडी चालवते हे मला फोनवर कळलं होतं. पाहुणे आले तरी मुलांची हजेरी आणि खिचडी उरकूनच ती येणार होती. तिच्या सासूबाईंनी चहा दिला आणि शेजारच्या पारापलीकडे बोट दाखवलं, तिथेच आहे म्हणाल्या. त्यांच्यासह आम्ही तिघं चालत निघालो. पाराला वळसा घालतोय तोच मुलांचं गाणं ऐकू आलं.

उजाडू दे जरा, मग फुलं खुडू.

शब्द आमचे होते. चालही ओळखीची, पण कुठेतरी घोटाळा होता. क्षणभर मला कळेचना काय ते. मुलं एकाच जागी घुटमळत होती, मग जरा उतरली आणि शेवटी 'ग'वर येऊन तशीच उभी राहिली. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मंदाने मुलांना खालचा सूर शिकवला होता. तिला तेवढंच येत होतं. त्या मुलांच्या लेखी तीच चाल होती. वर काही असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मला हसू आवरेना. मंदाने आम्हाला पाहिलं, धावत आली, सरांच्या पाया पडली, आणि माझं हसू पाहून गोंधळली. मी तिला सांगितलं. ती ओशाळली. "मला हेच तर येतं," म्हणाली. "वरचं कधी म्हटलंच नाय ना मी. चुकलं का हो सर?"

सर त्या मुलांकडे बघत होते. शेंबडी, तेल चोपडलेली, एकमेकांना चिकटून बसलेली मुलं. सासूबाईंना वाटलं पाहुण्यांना गाणं आवडलं नाही. त्यांनी आपल्या अहिराणीत सुनेची बाजू घेतली. आता शाळेतली मोठी पोरं हेच म्हणतात, शेतात बायका हेच म्हणतात, असं सांगून त्या ठासून म्हणाल्या, "आते हाई आमनंच गानं शे."

'आमचंच गाणं' हे ऐकून सरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव त्याआधी एकदाच पाहिला होता, मिसळीच्या टेबलावर. त्यांनी मंदाला सांगितलं, की मुलांना पुन्हा म्हणायला लाव.

मुलं पुन्हा सुरू झाली. मला राहवेना. त्या उघड्यावर पडलेल्या सुरावर त्याचं हक्काचं छप्पर घालावं म्हणून मी वरचा सूर धरला. दोन शब्द गाते न गाते तोच सरांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"वरचं नको," ते म्हणाले. "आता हेच वरचं आहे. याच्या खाली काय येतं, ते शोध."

मी म्हटलं, सर, खाली तुम्ही गा, मला नाही येणार. त्यांनी ऐकलंच नाही. मनगटही सोडलं नाही. मुलं पहिल्या ओळीवर परत आली आणि मी त्यांच्या खाली पाऊल टाकलं. पहिला सूर चुकला. दुसरा लागला, पण ओळ पुढे सरकली तसा बेसूर झाला. एक मुलगी माझ्याकडे बघून गायची थांबली. मंदाने तिला हलकेच कोपराने ढोसलं. मी डोळे मिटले. तळाला जमीन आहे की नाही हे न बघता विहिरीत उतरावं तशी मी उतरत गेले, आणि माझा तो जाड, कोणालाच नको असलेला आवाज एकेका जागी टेकू लागला. इथे टेकता येतं, इथेही येतं. कोणी शिकवलेलं नव्हतं, कुठे ऐकलेलं नव्हतं. ते सूर मीच तेव्हा, तिथे करत होते.

तेवढ्यात शेजारून एक भरडा आवाज निघाला. सर गायला लागले होते. मला वाटलं, आता मी सुटले, ते खालचं सांभाळतील. पण ते खाली आलेच नाहीत. ते मुलांची चाल गात होते. साधी, सरळ, मुलांसारखीच, 'कळी'तल्या 'ळी'वर त्यांच्याइतकाच जोर देत. जन्मभर कोणाच्या ना कोणाच्या खाली गात आलेला तो माणूस वर मुलांमध्ये जाऊन बसला होता.

शेवटी मुलं 'ग'वर येऊन थांबली. सरही थांबले. मी खाली 'सा' लावला. तो लागला. इतका लागला, की पाराकडची माणसं वळून बघू लागली, आणि सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

लोक मला विचारतात, तुमची पहिली रचना कोणती. मी आता वृंदासाठी पुष्कळ लिहिलं आहे, चांगल्या सभागृहांत ते गायलं गेलं आहे. पण पहिली तीच, खिचडीचा वास येत असताना केलेली. मुलांना लगेच पुन्हा म्हणायचं होतं. मंदाने झाकण ठेवून खिचडी बाजूला सारली. सरांनी माझं मनगट सोडलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मुलांबरोबर पुन्हा पहिल्यापासून गायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी त्यांच्या खाली मी होते.